पगार कुणाच्या सहीने निघाला

नोकरीत असताना मी कोर्टात एक वाक्य लिहून दिलं होतं. ते खोटं होतं आणि लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं. आजवर हे कुणालाच सांगितलं नाही. वरिष्ठांना नाही, वकिलाला नाही, बायकोलाही नाही. पंचावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा सगळे म्हणाले, पाठीच्या दुखण्यामुळे घेतली. मीही मान हलवली.

त्या प्रकरणाचा एकेक दिवस अजून वारासकट लक्षात आहे. नावं मात्र कुणाचीच लिहीत नाही. खात्याचं नाही, कार्यालयाचं नाही, ठाण्याचंही नाही.

मी तेव्हा बुलढाण्याला फसवणुकीच्या गुन्ह्यांचा तपास बघत होतो. एके दुपारी एक बाई आली. पन्नाशीची, हातात पिशवी, पिशवीत माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या झेरॉक्स, सेफ्टीपिनने नीट टाचलेल्या. तिचा नवरा एका सरकारी कार्यालयात चौकीदार होता आणि नोकरीत असतानाच वारला होता. अशा कर्मचाऱ्याच्या घरातल्या एकाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळते. तिच्या मुलीचं नाव त्या यादीत पहिलं होतं. सहा वर्षं पहिलंच होतं. दर वेळी उत्तर एकच मिळायचं, पद रिक्त नाही.

"पद नाही म्हंतात साहेब," ती म्हणाली, "मंग हे चार जण कोठून आले? आभायातून पडले का?"

"कोणते चार?"

"तेच तं मी इचारून राह्यली. तीन वर्षं झाले, चौघं कामावर येतात, पगार घेतात. यादीत एकाचंबी नाव नाही. काऊन नाही, ते कोनी सांगत नाही. तुम्ही तं सांगा."

मी 'बघतो' म्हणून तिला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी आम्ही कुलूप काढायच्या आधी ओट्यावर बसलेली. माझ्यासोबत एक जुने हवालदार होते, सगळे त्यांना जमादार म्हणायचे. ते म्हणाले, "साहेब, एक तर या बाईचा अर्ज घ्या, नाही तं तिले आपल्या हजेरीपटावर घ्या."

अर्ज घेतला. चौघांचे नेमणुकीचे आदेश मागवून वरच्या कार्यालयाला दाखवले, तर आठवड्यात लेखी उत्तर आलं की असे आदेश आमच्याकडून निघालेलेच नाहीत. तिथल्या साहेबांची सही बनावट, शिक्काही बनावट. गुन्हा दाखल झाला. चौघे मात्र खरोखर कामाला होते. पाणी सोडत होते, दप्तर उचलत होते, रात्रपाळी करत होते. आणि सरकारी तिजोरीतून त्यांचा पगार तीन वर्षं निघत होता.

बनावट आदेश कुणी केला, हा एक प्रश्न झाला. पगार कुणी काढला, हा दुसरा. सरकारी कार्यालयात एका अधिकाऱ्याच्या सहीशिवाय पगाराचा एक पैसा तिजोरीतून निघत नाही. नेमणूक बेकायदा आहे हे माहीत असून किंवा खात्री न करता त्याने सही केली, तर जबाबदारी त्याच्यावर येते. गुन्ह्याचीही आणि वसुलीचीही. इथे ती सही त्या कार्यालयाच्या प्रमुख असलेल्या मॅडमची होती. बाहेरच्या जिल्ह्यातल्या, एकट्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या.

चौकशीला त्या स्वतः आल्या, वकील न आणता. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस आधी आपलं चांगलं काय ते सांगतो. मॅडमनी आधी आपली चूक सांगितली.

"मी रुजू झाले तेव्हा चौघे आधीच कामावर होते," त्या म्हणाल्या. "आदेश मी वरच्या कार्यालयाकडून पडताळून घ्यायला हवे होते. नाही घेतले. पण फाइलमध्ये पोलीस पडताळणी नव्हती, म्हणून मी पगार थांबवला. दोन महिने थांबवला. चौघे बायकापोरं घेऊन माझ्या दारात येऊन बसले. मग आमच्या बाबूने पोलिसांची चार पत्रं आणून दिली. मी त्यावरही विसंबले नाही. ठाण्यात फोन लावला. ठाणेदार स्वतः बोलले. म्हणाले, सही माझीच आहे, काही शंका ठेवू नका."

"ती पत्रं कुठे आहेत?"

"फाइलमध्ये होती. फोनची टिपणीही मी लिहिली होती. आता दोन्ही नाही."

"कोणतं ठाणं?"

त्यांनी लोणारच्या बाजूच्या एका ठाण्याचं नाव घेतलं.

"ठाणेदाराचं नाव?"

"नाव नाही विचारलं. सही वाचता येत नव्हती."

मी पुढचा प्रश्न विचारला. काय विचारला ते आठवत नाही. त्या काळात त्या ठाण्याचा ठाणेदार मी होतो.

आता पडताळणी म्हणजे काय ते सांगतो. नवीन माणूस सरकारी नोकरीत घेतला की त्याच्यावर गुन्हा वगैरे आहे का, हे पोलिसांना विचारतात. हा कागद नेमणूक करणाऱ्या कार्यालयातून बंद पाकिटात पोलीस अधीक्षकांकडे जातो, तिथून ठाण्यात येतो आणि त्याच वाटेने परत जातो. मधे कुणाच्या हातात पडत नाही. पण आपल्याकडे एक सवय आहे, 'हस्ते टपाल'. कागदावर कोपऱ्यात 'हस्ते' लिहायचं आणि ओळखीच्या माणसाने तो स्वतः आणायचा, स्वतः घेऊन जायचा. काम लवकर होतं, कुणाला नाही म्हणावं लागत नाही. त्यात गैर आहे असं आम्हाला वाटतच नसे. त्या चार पत्रांचं तसंच झालं होतं. मिरवणुकीच्या बंदोबस्ताचा दिवस होता. ओळखीचा एक निवृत्त बाबू कागद घेऊन आला, समोर बसला, मी उभ्या उभ्या चार सह्या केल्या आणि कागद त्याच्याच हातात दिले. आदेश बनावट होते, पण पोलिसांचं पत्र अस्सल झालं. अस्सल सही, अस्सल शिक्का, अस्सल जावक क्रमांक. त्या पत्रांनीच त्या नेमणुकांना खरेपणा आला.

जमादारांना मी त्या ठाण्याचं आवक-जावक रजिस्टर तपासायला पाठवलं. तपासात ते करावंच लागतं. पण मनात होतं, त्यात काही न सापडो.

सोमवारी ते परत आले. रजिस्टरच्या एका पानाची नक्कल पंचांसमोर घेतली होती, खाली तारीख, सह्या, सगळं रीतसर. त्या ठाण्यात माझ्या वेळी एक लेखनिक शिपाई होता. फार किचकट माणूस, आम्ही त्याची टिंगल करायचो. एकदा एक कागद हरवल्यावरून त्याला बोलणी बसली होती. तेव्हापासून हस्ते टपाल आणणाऱ्याची सही, मोबाइल नंबर, गाडीचा नंबर तो मार्जिनमध्ये घेऊन ठेवायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या पानावर त्या निवृत्त बाबूची सही होती, नंबर होता. आणि शेऱ्याच्या रकान्यात, काही दिवसांनंतरच्या वेगळ्या शाईत, एक ओळ: 'सदर कार्यालयाच्या मॅडमचा फोन. सही खरी असल्याचे ठाणेदार साहेबांनी कळविले.'

एकाच पानात दलाल सापडत होता, मॅडम सुटत होत्या आणि मी अडकत होतो.

जमादारांनी नक्कल टेबलावर ठेवली. "एक प्रत तुमच्यापाशी साहेब, एक माझ्यापाशी. केस डायरीत कवा लावायची ते तुम्ही सांगा." आणि पाणी प्यायला बाहेर गेले. मी ती ड्रॉवरमध्ये ठेवली.

मंगळवार गेला, बुधवार गेला. शुक्रवारी मॅडमच्या अटकपूर्व जामिनावर सुनावणी होती. तपास अधिकाऱ्याने आपलं म्हणणं लेखी द्यायचं असतं. मी लिहिलं: 'सदर अधिकारी यांनी पगार देयकावर सही करण्यापूर्वी पडताळणी पत्रांची कोणतीही खातरजमा केल्याचे तपासात आढळून आलेले नाही.'

ते हेच वाक्य.

त्याच्यावरच जामीन फेटाळला गेला. शनिवारी सकाळी अकराला मॅडम स्वतः हजर झाल्या. सोबत कापडी पिशवी, त्यात दोन साड्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या. मला म्हणाल्या, "क्वार्टरच्या मागच्या बाजूला दूधवाला पिशवी ठेवतो. त्याला उद्यापासून नको म्हणून सांगायला कुणी जाईल का?" सोमवारपर्यंत पोलीस कोठडी मिळाली. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिला की तो निलंबित धरला जातो. हे मला तोंडपाठ होतं.

रविवारी दुपारी चौघांपैकी एक जण आला. देऊळघाटचा, तिशीतला, आधी मोटार वाइंडिंगचं काम करायचा. चौघेही आरोपी होते, जामिनावर सुटलेले. हातात डबा होता.

"मॅडमले द्याचा आहे साहेब. माझ्या अम्मीनं बनवला. भाजी-पोळी आहे, खाऊन पाहा पाहिजे तं."

"तुझी नोकरी गेली यांच्या खात्यातून, आणि तू यांना डबा आणतो?"

"नोकरी त्यांनी नाही घेतली साहेब. ज्यानं आमच्याकून पैसे घेतले त्यानं घेतली. आमच्या अब्बानं दुकान विकलं. आम्हाले वाटलं, वरतून खरंच ऑर्डर निघाली." त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला. "मॅडमनं पगार थांबवला तं आम्ही लय शिव्या दिल्या त्यांले. मी तं दारात जाऊन बोललो. मंग त्यांनी आमच्यासमोर ठाण्यात फोन लावला. स्पीकरवर. ठाणेदार बोलला, हाव, माझीच सही आहे. तवा कुठं पगार निघाला."

"हे तू लिहून देशील?"

"देतो ना. पन साहेब, एक गोष्ट मले समजत नाही. तुम्ही मॅडमले पकडलं, बाबूले पकडसान, मले बी पकडलं. त्या ठाणेदारले काऊन नाही पकडत?"

जमादार पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

मी म्हणालो, "पकडू."

"तो तुमचा भाऊबंद आहे म्हणून सोडू नका बरं," तो म्हणाला आणि डबा टेबलावर ठेवून, टोपी सारखी करून निघून गेला.

तो गेल्यावर जमादार एवढंच म्हणाले, "साहेब, माझे दोन वर्षं राह्यले रिटायरमेंटले. मी काही बोलनार नाही. पन ते पान माझ्या पिशवीत लय जड लागून राह्यलं."

मी त्याच संध्याकाळी अधीक्षक साहेबांच्या बंगल्यावर जाऊ शकलो असतो. मॅडमचे अठ्ठेचाळीस तास भरले नसते. गेलो सोमवारी सकाळी. पान पुढे ठेवलं आणि सांगितलं, यातला ठाणेदार मी आहे. साहेबांनी दोनदा वाचलं. विचारलं, "रीत मोडून सही केलीस, त्याची शिक्षा घेशील?" घेईन म्हणालो. पान माझ्याकडे कधीपासून आहे, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. तपास उपअधीक्षकांकडे गेला, माझी एक वेतनवाढ रोखली गेली. कोर्टाने मॅडमना त्याच दिवशी सोडलं, पण दुपारचे तीन वाजले होते. निलंबनाचा आदेश बुधवारी निघाला.

मार्जिनमधल्या नंबरावरून निवृत्त बाबू दोन दिवसांत हाती लागला. उपअधीक्षक साहेबांनी चौकशीच्या वेळी मला बाजूला बसवलं होतं. बाबू पाय पसरून बसला होता.

"मी कायले घाबरू?" तो माझ्याकडे बघत म्हणाला. "सही करताना हे साहेब उभ्यानं चहा पीत होते. बिस्किटं मीच आनले होते. मले आत टाकसान तं यांचीबी सही कोर्टात जाईल."

"ती गेली," उपअधीक्षक म्हणाले. "यांनीच आणून दिली. तू पुढचं बोल."

बाबूने पाय आखडून घेतले. पाणी मागितलं. मग तासाभरात त्याने सगळं सांगितलं. कार्यालयातल्या कोणत्या बाबूने फाइलमधून टिपणी आणि पत्रं काढली, शिक्का कुठे बनवला, चार घरांतून काय काय घेतलं. त्याचं एकमेव हत्यार ती माझी सही होती. सोमवारी मी ते पान दिलं नसतं तर त्याने मला आयुष्यभर त्या सहीवर नाचवलं असतं. हे मला त्या खोलीत बसल्यावर कळलं, आणि जमादारांचे, त्या देऊळघाटच्या माणसाचे आणि त्या किचकट लेखनिकाचे मी मनातल्या मनात आभार मानले. अजून मानतो. वाचलो तो त्यांच्यामुळे. माझ्या हिमतीचं त्यात फार थोडं आहे.

मॅडम आता आरोपी राहिल्या नव्हत्या, साक्षीदार झाल्या. जबाब द्यायला आल्या तेव्हा व्हरांड्यात भेटल्या. हातात त्या पानाची नक्कल होती.

"तुमचीच सही बघून मी पगार सुरू केला होता तर," त्या म्हणाल्या. "यापुढे पोलिसांच्या सहीवर विश्वास ठेवायचा की नाही, तेवढं लेखी द्या."

मी आत जायचं दार दाखवलं.

मग त्यांनी नक्कल माझ्याकडे फिरवून खालच्या सह्यांवर बोट ठेवलं. "ही पंचांसमोर आधीच्या सोमवारी घेतलेली दिसते. तुमचं म्हणणं कोर्टात शुक्रवारी गेलं."

मी म्हणालो, "हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या आतून उपअधीक्षकांना बोलावू शकल्या असत्या, दार उघडंच होतं. त्यांनी नक्कल घडी करून पिशवीत टाकली आणि विचारलं, "त्या चौघांचं काय होणार? त्यांच्याकडून पगार परत घेणार का?"

"माहीत नाही."

"घेऊ नये. त्यांनी काम केलं आहे. मी करून घेतलं आहे." आणि जबाब द्यायला आत गेल्या.

दलाल आणि कार्यालयातला बाबू, दोघांना शिक्षा झाली. चौघांना कामावरून काढलं. प्रत्यक्ष काम घेतलं असल्यामुळे त्यांच्याकडून पगार वसूल करायचा नाही, असं ठरलं. देऊळघाटचा तो पुन्हा मोटार वाइंडिंग करतो. माझ्या घरच्या पंपाची जळालेली वाइंडिंग त्यानेच भरून दिली. तो ठाणेदार मीच, हे त्याला निकालानंतर कळलं. एवढंच म्हणाला, "मंग पकडले का नाही तुम्ही सोताले?" आणि हसून मजुरी घेतली. त्या विधवा बाईच्या मुलीला त्याच कार्यालयात नोकरी लागली. बाई पेढे घेऊन आली आणि मला म्हणाली, "तुम्ही नसते तं झालं नसतं." मी पेढा घेतला. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

पण तीन वर्षांचा पगार चौघांकडून घ्यायचा नाही, तर घ्यायचा कुणाकडून? खात्याने मॅडमची विभागीय चौकशी लावली. गुन्ह्यातून त्या सुटल्या होत्या, पण विभागीय चौकशी वेगळी चालते. चौकशी अधिकाऱ्याने निष्कर्षात माझं शुक्रवारचं वाक्य शब्दशः घेतलं. तपास अधिकाऱ्याने कोर्टात दिलेलं म्हणणं, म्हणजे सरकारी कागद. रजिस्टरच्या शेऱ्याबद्दल लिहिलं, की ही नोंद नंतर पुढे आली, त्यामुळे तिला पूर्ण महत्त्व देता येत नाही. नंतर पुढे आली, कारण मी ती नंतर पुढे आणली. बढती गेली. मॅडम निवृत्त झाल्या तशी वसुली त्यांच्या निवृत्तिवेतनावर आली. त्या आदेशाविरुद्धचं त्यांचं अपील अजून चालू आहे.

या सगळ्या काळात त्यांनी मला एकदाही फोन केला नाही. त्यांच्या वकिलाने अपिलात माझं नाव घेतलेलं नाही. का, ते मला कळत नाही. मी आहे त्या घरात, आहे त्या निवृत्तिवेतनावर शांत झोपतो, ते त्या बाईंनी व्हरांड्यात कागद घडी करून ठेवला म्हणून. एवढे उपकार माझ्यावर सख्ख्या माणसांनीही केलेले नाहीत.

नोकरीत मी शेकडो जबाब घेतले. माणूस मोडतो तो मारल्याने नाही, आणि दरडावल्याने तर नाहीच. त्याच्याशी कुणी नीट वागलं की मोडतो, हे मी इतरांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिलं होतं. आणखी एक गोष्ट या प्रकरणाने शिकवली. बेकायदा पगाराला जबाबदार कोण, असं विचारलं की सगळे शेवटच्या सहीकडे बोट दाखवतात, कारण ती वाचता येते. तिच्या आधी कुणी उभ्या उभ्या चहा पीत चार सह्या केलेल्या असतात, कुणी कागद ड्रॉवरमध्ये सरकवलेला असतो. शेवटची सही करणाऱ्याने निदान विचारलं होतं. मी विचारलंही नव्हतं.

मॅडमचं अपील टिकण्यासाठी एक कागद लागतो. रजिस्टरचं पान सोमवारीच माझ्या हातात आलं होतं आणि शुक्रवारी ते वाक्य मी जाणूनबुजून खोटं लिहिलं, असं माझं शपथपत्र. ते दिलं तर माझ्यावर गुन्हा होईल, निवृत्तिवेतनही थांबेल. म्हणून इतकी वर्षं दिलं नाही. दुसरं कारण नाही. हे लिहिल्याने ते दिल्यासारखं होत नाही. ते शपथपत्र मी त्यांना देणं लागतो आणि आजच्या तारखेला ते दिलेलं नाही.